सांभाळणाऱ्याची रजा

ज्या घरात पंचविशी-तिशीतलं बहुविकलांग किंवा बौद्धिक दिव्यांग मूल आहे, त्या घरातली माणसं नातेवाइकांच्या लग्नाला अर्धी अर्धी जातात. वडील मुहूर्ताला अक्षता टाकतात आणि पंगतीला न थांबता परत फिरतात. ते घरी पोचले की आई साडी बदलून संध्याकाळच्या रिसेप्शनला तोंड दाखवून येते. लग्न परगावी असेल तर एकालाच जाता येतं आणि तो एक बहुधा नवराच असतो. काही वर्षांनी आमंत्रणांचा सूरही बदलतो. ‘सगळ्यांनी यायचं हं’च्या जागी ‘जमलं तर या’ येतं. बोलावणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, पण ऐकणाऱ्याला ते कळतं.

अशा घरांना सरकार काहीच देत नाही, ही समजूत खरी नाही. बऱ्याच योजना आहेत. पण त्या सगळ्या एका प्रमाणपत्रावर, एका नावावर उभ्या आहेत. त्या नावाच्या माणसाला उठवणारं, भरवणारं, त्याची कूस बदलणारं, त्याच्या फिटची वेळ पाठ असलेलं जे दुसरं माणूस घरात असतं, ते कुठल्याच रजिस्टरात नाही. आणि त्या माणसाला हवं असतं ते फार साधं असतं. आठवड्यातले काही तास कोणीतरी विश्वासाचं येऊन बसावं. दात दुखतोय, तो दाखवून यावा, बँकेत जावं, बहिणीकडे जावं, नाहीतर नुसतं झोपावं. पैशांच्या मदतीवर आपल्याकडे भरपूर बोललं गेलं आहे. या तासांवर कोणी बोलत नाही, म्हणून हा लेख तासांबद्दल आहे.

आधी कागदांचं पाहू, कारण या घरांचं निम्मं आयुष्य तिथेच जातं. सिव्हिल हॉस्पिटलला जाऊन टक्केवारी ठरते, मग यूडीआयडीचं, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचं, कार्ड येतं. ४० टक्के किंवा त्याहून जास्त असाल तर बहुतेक दारं उघडतात, निदान किलकिली होतात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार रुपये आहे. म्हणजे घरात कोणी रोजंदारीवर नियमित जात असेल, तर खरा हिशेब लिहून एवढ्या उत्पन्नाचा दाखला मिळणं अवघडच. अनुदान २०२३ मध्ये हजाराचं दीड हजार झालं आणि २०२५ मध्ये दिव्यांगांपुरतं अडीच हजार. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की, अशा योजनांत दिव्यांगांना इतर लाभार्थ्यांपेक्षा किमान २५ टक्के जास्त मिळावं. तरी आपल्याकडे विधवा, वृद्ध आणि दिव्यांग यांना कितीतरी वर्षं एकच रक्कम मिळत राहिली.

एसटीत दिव्यांग प्रवाशाला ७५ टक्के सवलत आहे आणि दिव्यांगत्व ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबत्यालाही निम्मी. रेल्वेतही ज्यांना एकट्याने प्रवास करता येत नाही त्यांच्या सोबत्याला सवलत आहे. मात्र ती मिळते दोघं एकत्र प्रवास करत असतानाच. नियम म्हणून ते बरोबर आहे. पण यातून दिसतं असं, की सांभाळणारा माणूस सरकारला त्या दुसऱ्याला चिकटलेला असेल तेवढाच दिसतो. तो एकटा निघाला, की दिसेनासा होतो.

उत्पन्नाचा दाखला, हयातीचा दाखला, आधारची जोडणी, बँकेचं केवायसी, दर काही वर्षांनी नवं काहीतरी. सेतू केंद्राच्या रांगेत उभं राहायला दोन तास लागतात आणि ते दोन तास मुलाला कोणाकडे ठेवायचं हा प्रश्न तसाच राहतो. शेजारीण एकदा बसते, दोनदा बसते. मुलगा वीस वर्षांचा, सत्तर किलोचा झाला, की तिलाही भीती वाटते. तिला दोष कसा देणार?

पगारदारांचं थोडं बरं आहे. दिव्यांग अपत्याचा सांभाळ करणाऱ्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदल्यांतून सूट मागता येते. तसे आदेश २०१४ आणि २०१८ चे आहेत. हिमाचल प्रदेशातल्या एका सरकारी महाविद्यालयातल्या प्राध्यापिकेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये सांगितलं, की दिव्यांग मुलांच्या मातांना बालसंगोपन रजा नाकारणं हे स्त्रियांना नोकरीत समान वाटा देण्याच्या घटनात्मक कर्तव्याशी विसंगत आहे. प्राप्तिकरात ८०डीडी कलमाखाली ७५ हजारांची आणि तीव्र दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाखाची वजावट आहे. ती जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत गेलात तर ती गेली, हे अनेकांना विवरणपत्र भरताना कळतं. पण हे सगळं ज्यांना पगार आहे त्यांच्यासाठी. या घरांतली सांभाळणारी व्यक्ती बहुतेक वेळा नोकरी सोडून बसलेली आई असते. तिची रजा कोण मंजूर करणार?

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या कोणाचा तरी सांभाळ करताना आढळल्या; पुरुष २१.४ टक्के. या स्त्रिया दिवसाला सरासरी १४० मिनिटं त्यात घालवतात, पुरुष ७४ मिनिटं. हे आकडे धडधाकट तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्या सासूपर्यंत सगळ्यांच्या सांभाळाचे आहेत. ज्या घरात रोज फिट येणारं मूल आहे, तिथे मिनिटं मोजायला बसलात तर आई तुमच्याकडे बघतच राहील. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बेडसोर होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, आणि हे दोन तास रात्रीही दोनच असतात.

पैसे असले तर तास विकत मिळतात, असं वाटतं. पुण्या-मुंबईत मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोला फोन केला की पहिला प्रश्न येतो, पेशंट बाई की पुरुष? दुसरा, वजन किती? तिसरा, चालतो का? ब्युरोची सगळी घडी बसलेली आहे ती म्हाताऱ्या माणसांसाठी, पॅरॅलिसिससाठी, हाडाच्या ऑपरेशननंतरच्या दीड महिन्यासाठी. सव्वीस वर्षांचा स्वमग्न मुलगा, बोलत नाही, आवाज सहन होत नाही, चिडला की स्वतःच्या हाताला चावतो, असं सांगितलं की पलीकडून ‘बघते आणि कळवते’ येतं आणि फोन येत नाही. आली तरी बारा तासांच्या मावशीचे महिन्याला वीस-पंचवीस हजार सहज होतात. शिवाय ती सुट्टीवर गेली की येणारी ‘बदली’ बाई कोण असेल याचा भरवसा नाही. मावशीचाही प्रश्न आहेच. तिला ना प्रशिक्षण, ना आजारपणाची रजा. सत्तर किलोचं माणूस पाठ न मोडता खुर्चीत कसं बसवायचं हे तिला कोणी शिकवलेलं नसतं, आणि दोन वर्षांत तिची कंबर जाते.

हे शिकवण्याची सोय कागदावर आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता हे चारच प्रकार घेतले आहेत, आणि ‘आमच्या मागे याचं काय’ हा पालकांचा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. न्यासाच्या योजना वाचल्या तर वाटतं की कोणीतरी अशा घरात राहून त्या लिहिल्यात. लहान मुलांसाठी ‘दिशा’, त्यापुढच्या वयाला दिवसभराचं केंद्र म्हणजे ‘विकास’. काही दिवसांपुरतं मुलाला ठेवून घरच्यांनी श्वास घ्यावा यासाठी ‘समर्थ’, कायमच्या निवासासाठी ‘घरौंदा’, आणि काळजीवाहकांच्या प्रशिक्षणासाठी ‘सहयोगी’. पण ही केंद्रं न्यासाकडे नोंदलेल्या संस्था चालवतात. जिल्ह्यात तशी संस्था असेल, तिने अर्ज केलेला असेल, मंजुरी आणि पैसे वेळेवर आलेले असतील, तर योजना. नाहीतर पुस्तिका.

त्यातली चाललेली योजना म्हणजे ‘निरामय’ हा आरोग्य विमा. वर्षाला एक लाखापर्यंतचं कवच, आधी कसलीही तपासणी नाही, जन्मापासूनचं दुखणं आहे म्हणून नकार नाही, वयाची अट नाही. बाजारातल्या विमा कंपन्या ज्या मुलांच्या अर्जाकडे बघतही नाहीत, त्यांना हे मिळतं. नोंदणीचे दारिद्र्यरेषेखालच्या घराला २५० रुपये, वरच्याला ५००. इस्पितळात दाखल न होता घेतलेले उपचार आणि थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत यात बसतो. पैसे आधी आपण भरायचे आणि बिलं पाठवून मागायचे, हा त्यातला जाच. तरीही ज्यांच्या घरात या चारपैकी एखादं दिव्यांगत्व आहे आणि ‘निरामय’ काढलेलं नाही, त्यांनी हा लेख इथे बाजूला ठेवून आधी ते काम करायला हरकत नाही.

न्यासाच्या कायद्यातली दुसरी कामाची गोष्ट पालकत्वाची. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याच्या लेखी ते सज्ञान होतं आणि आई-वडील त्याचे आपोआप पालक राहत नाहीत. हे बहुतेकांना कळतं बँकेच्या काउंटरवर, अनुदानाच्या खात्याची सही जुळत नाही तेव्हा. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. तीत न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेचा एक आणि दिव्यांगांपैकी एक असे सदस्य असतात. अर्ज तिच्याकडे करायचा, आणि आई-वडील नसले तर पुढे कोण हेही तिथेच ठरतं. कोर्टाची पायरी चढायला नको म्हणून केलेली ही सोय. काही जिल्ह्यांत समितीची बैठक नियमित होते. काही ठिकाणी जिल्हाधिकारी बदलले की विषय पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगावा लागतो.

अठरा वर्षं हा या घरांतला खरा कडा आहे. त्याआधी विशेष शाळा असते. सकाळी व्हॅन येते, मूल चार-पाच तास बाहेर जातं. ‘सेवा’ म्हणून शाळेकडे कोणी पाहत नाही, पण आईला मोकळे तास देणारी महाराष्ट्रातली सगळ्यांत मोठी यंत्रणा तीच आहे. पुण्यात सिंधुताई जोगळेकरांनी १९६४ मध्ये ‘कामायनी’ सुरू केली. नाशिकला रजनी लिमये यांनी स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने १९७७ मध्ये ‘प्रबोधिनी’ उभी केली. अशा शाळांच्या इतिहासात मुलं काय शिकली ते लिहिलेलं असतं. त्या तासांत किती आयांनी शिवणकाम केलं, धाकट्या भावंडाचा अभ्यास घेतला, थोडी झोप काढली, याची नोंद कुठेच नाही. अठराव्या वर्षी अनुदानित शाळा संपते. पुढे कार्यशाळा आहेत, तिथे मेणबत्त्या, कागदी पिशव्या, दिवाळीच्या पणत्या होतात, पण जागा थोड्या. बाकीची मुलं घरी येतात आणि घरीच राहतात. मुलगा अंगाने पुरुष झालेला, आई पन्नाशीला टेकलेली, गुडघे दुखायला लागलेले, आणि नेमकं याच वेळी व्हॅन बंद होते.

म्हणून पालकांनी स्वतःच घरं बांधली. बदलापूरजवळची ‘आधार’ ही संस्था मा. गो. गोरे यांच्या पुढाकाराने पालक एकत्र आले त्यातून उभी राहिली. प्रौढ बौद्धिक दिव्यांगांसाठी, कायमच्या राहण्यासाठी. डोंबिवलीजवळ खोणीला ‘अमेय पालक संघटने’चं ‘घरकुल’ आहे. तेही पालकांनीच उभं केलं, अविनाश बर्वे हे त्यातलं ठळक नाव. कोल्हापूरला नसीमा हुरजूक यांची ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ १९८४ पासून आहे. तिची दिशा वेगळी, कारण तिथे चाकाच्या खुर्चीवरच्या माणसांनी आपल्यासारख्यांसाठी काम उभारलं. या संस्थांबद्दल लिहिताना भारावून जाण्याचा मोह होतो आणि दिवाळी अंकांनी तो पुष्कळ पुरवलाही आहे. मला त्यांच्याकडे बघताना दुसरंच वाटतं. नोकरी करून, मूल सांभाळून, उरलेल्या वेळात जमीन शोधणं, एनए करणं, धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट नोंदवणं, देणग्या गोळा करणं, रात्रपाळीच्या मावशा मिळवणं हे ज्यांना करावं लागलं, ती मुळात आधीच दमलेली माणसं होती. जे काम जिल्हा परिषदेने करायचं, ते त्यांनी निवृत्तीच्या पैशातून केलं. आणि ज्यांना निवृत्तीचे पैसे नाहीत, त्यांच्यापर्यंत हे मॉडेल जात नाही. अशा घरांच्या यादीत नाव लागलं तरी प्रतीक्षा लांब असते, कारण तिथे जागा रिकामी होते ती बहुधा एकाच कारणाने.

शिवाय या घरांत माणूस कायमचा जातो. दोन आठवड्यांसाठी जायची सोय विरळा. आईचं गर्भाशयाचं ऑपरेशन आहे, वडील अँजिओप्लास्टीला दाखल आहेत, तेवढ्यापुरतं मुलाला कुठे ठेवायचं? जिथे कायमच्यांना जागा नाही तिथे पाहुण्याला कुठून असणार. आणि अशा मुलाला अनोळखी जागी नुसतं ठेवूनही भागत नाही. तो आमटी-भात कालवलेला खातो की वेगळा, गोळी साखरेतून घेतो की केळ्यातून, फिट येण्याआधी त्याचे डोळे कोणत्या बाजूला वळतात, हे सगळं एका आईच्या डोक्यात असतं. विशेष शिक्षक म्हणूनच पालकांच्या मागे लागतात की एक वही करा आणि त्यात हे सगळं लिहा. बहुतेक आया ती करत नाहीत. आपल्याशिवाय हे होईल, हे लिहून ठेवणं त्यांना जड जातं. आणि खरं सांगायचं तर लिहायलाही निवांत तास लागतोच.

मानसिक आजाराच्या घरांत तर प्रश्न तासांचाही राहत नाही, बोलण्याचा होतो. मूळचे धुळ्याचे आणि कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात प्राध्यापक असलेले जगन्नाथ वाणी यांनी पत्नीचा स्किझोफ्रेनिया वर्षानुवर्षं सांभाळला. त्यातून त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, आणि सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या २००४ च्या ‘देवराई’ चित्रपटामागेही तेच होते. तिथल्या स्वमदत गटांत आजारी माणसाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळातही हेच शब्द रुळले आहेत. या गटांना सरकारी योजनेचं नाव नाही आणि खर्च जवळजवळ नाही. एक खोली, सतरंजी किंवा खुर्च्या, चहा. पण भाऊ रात्रभर जागतो, शेजाऱ्यांवर संशय घेतो, औषध थुंकतो, हे मोठ्याने बोलल्यावर समोरचा दचकत नाही अशी दुसरी जागा या माणसांना मिळत नाही. पुणे-ठाण्याच्या बाहेर असे गट फार थोडे आहेत.

कायदा याहून पुढे गेलेला आहे. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार २१ केले आणि काळजीवाहकाची व्याख्याही केली. आई-वडील, घरचे किंवा बाहेरचे, पैसे घेऊन वा न घेता सांभाळणारे सगळे तीत येतात. कलम २४ सरकारला सांगतं, की जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत काळजीवाहक भत्त्याची योजना करा. कलम ३८ नुसार अशा व्यक्तीला, किंवा तिच्या वतीने कोणालाही, जास्त आधारासाठी अर्ज करता येतो आणि मूल्यांकन मंडळाने तो तपासायचा असतो. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागाची घोषणा केली आणि देशात पहिलं राज्य म्हणून त्याचं कौतुकही झालं. मात्र कलम ३८ चा अर्ज नेमका कोणत्या टेबलावर द्यायचा, हे तालुक्याच्या गावी विचारून पाहा.

केरळात ‘आश्वासकिरणम’ नावाची योजना २०१० पासून आहे. अंथरुणाला खिळलेल्या किंवा पूर्णवेळ सांभाळावं लागणाऱ्या माणसाच्या काळजीवाहकाला महिन्याला ६०० रुपये. रक्कम ऐकून हसू येईल. पण ती त्या दुसऱ्या माणसाला, त्याच्या नावाने मिळते. आणि पैशापेक्षा केरळचं मोठं काम वेगळंच आहे. कोझिकोडला १९९३ मध्ये वेदनाशमनाची एक संस्था सुरू झाली, २००८ मध्ये राज्याने त्याचं धोरण केलं, आणि आज तिथे पंचायतीच्या पातळीवर परिचारिका घरी येते. ती जखम बघते, कॅथेटर बदलते आणि बाईला विचारते, तुमचं काय चाललंय. आपल्याकडे आशा ताई घरोघर जातात, पण त्यांच्या कामांच्या यादीत गरोदर बाई आणि लसीकरण आधी येतं. अंथरुणातल्या तीस वर्षांच्या मुलासाठी त्यांना कोणी वेळही दिलेला नाही आणि मोबदलाही.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग मोजले गेले, तेही प्रकार २१ होण्याआधी. त्यातल्या फार थोड्यांना दिवसरात्र सोबत लागते. सगळ्या राज्यासाठी महाल उभारायचे नाहीत. एखाद्या गावात अशी घरं तीन, चार, फार तर सहा निघतील.

आणि गावात पैसे नाहीत असंही नाही. ग्रामपंचायतींनी आणि नगरपालिकांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे, असा महाराष्ट्रात शासनाचा आदेश आहे. मोठ्या महापालिका यातून पेन्शन देतात, कुठे स्कूटर देतात. गावात बहुधा मार्चअखेर नावांची यादी वाचून प्रत्येकाला हजार-दोन हजार वाटले जातात, फोटो निघतो. ज्या ग्रामपंचायतीचं उत्पन्न दहा लाख आहे, तिचे ५० हजार झाले. तेवढ्यात गावातल्याच एखाद्या बचतगटातल्या बाईला प्रशिक्षण देऊन महिन्याला चार हजारांवर ठेवता येईल. रोज दुपारी दोन तास, आठवड्याच्या सहा दिवसांत तीन घरं, प्रत्येक घराला दोन दुपारी. सामूहिक लाभाच्या कामावर हा निधी खर्च करता येतो.

ग्रामसेवक म्हणेल, ग्रामसभेत विषय मांडा, ठराव करू. ग्रामसभेत बोलायला फॉर्म लागत नाही, फक्त तिथे जाऊन उभं राहावं लागतं. ज्या तीन घरांनी तो मांडायचा, त्यांतली आई त्या वेळी पोराची कूस बदलत असते.